हवालदारांची न भिजणारी काच

हवालदार चहा प्यायच्या आधी कप वाजवून बघत. नुसता कपच नाही. हाताला येईल ती वस्तू बोटाच्या पेराने टकटक करायची, मान कलती करून ऐकायची आणि मगच वापरायची. पाण्याचा माठ, वर्गातला बाक, एकदा तर खुद्द प्राचार्यांच्या टेबलावरची काच. कोरेगावच्या स्टँडवरचा टपरीवाला वैतागायचा. "आवं, कालच आणलाय कप!" "कालच आणलाय, पर तडा गेलाय," हवालदार शांतपणे म्हणत. कप उजेडात धरला की खरोखरच बारीक रेघ दिसायची. सव्वीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करून त्यांचे कान असे तयार झाले होते.

मी तेव्हा रहिमतपूरजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवत होते. जे काम कुणालाच नको असतं ते आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडतं, तशी माझ्या गळ्यात 'फिरती प्रयोगशाळा' पडली. म्हणजे एक जुनी व्हॅन, तीन पेट्या सामान आणि हवालदार. गावोगावी जाऊन लोकांना धातू, काच, प्लॅस्टिक आणि हल्ली ज्याचा फार बोलबाला आहे ते नॅनो, असं सगळं दाखवायचं. कागदावर मी प्रमुख होते आणि ते 'चालक तथा मदतनीस'. पहिला महिनाभर मी बोलले आणि लोकांनी जांभया दिल्या. मग म्हसवडच्या बाजूला एका गावात माझा घसा बसला आणि हवालदार पुढे झाले. त्यानंतर मला बोलायची वेळ फारशी आलीच नाही.

ते मूळचे त्याच दुष्काळी पट्ट्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. माझे तक्ते, माझे रंगीत आलेख त्यांनी हळूच पेटीच्या तळाशी घातले. "मॅडम, आदी हातात द्यायचं, मग डोक्यात," ते म्हणाले. मला राग आला होता. चार वर्षं डोकं फोडून पीएचडी केली ती मी, आणि हे मला शिकवणार! पण लोक पुढे सरकून बसायला लागले होते, ते दिसत होतं.

त्यांचा आवडता प्रयोग तारेचा होता. एका खास मिश्रधातूची तार ते गर्दीतल्या सगळ्यात आडमुठ्या म्हाताऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, "आबा, करा हिची कशीबी गुंडाळी." आबा तिची पार वाट लावत. मग हवालदार ती गरम पाण्यात सोडत आणि तार झटक्यात सरळ होई. एकदा एक आबा आ वासून बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, माझ्या गुडघ्यात घाल की रं ही!" हवालदार म्हणाले, "घालत्यात आबा. गुडघ्यात न्हाई, काळजाच्या नळीत घालत्यात. आत गेली की ऊब लागून फुलती." त्या दिवशी आबांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नॅनो हा शब्द ते पहिला अर्धा तास उच्चारतच नसत. आधी एखाद्या बाईकडून तिच्या डोक्याचा एक केस मागून घेत. "ह्या केसाच्या जाडीचं लाखभर भाग करायचं. त्यातला एक भाग म्हंजी नॅनोमीटर." रहिमतपुरात एका आजीने विचारलं, "बाबा, एवढं बारीक चिराय विळी कुणाकडं हाय?" सगळे हसले, हवालदार मात्र हसले नाहीत. "आजी, लाख मोलाचं इचारलंसा. त्यासाठीच तर ह्या मॅडम शिकल्या," म्हणून त्यांनी मला पुढे केलं. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. ते आजीच्या डोक्यावरून गेलं, हे आठवतं.

एका गोष्टीत ते फार कडक होते. जे स्वतः बघितलं नाही, तपासलं नाही, ते सांगायचं नाही. बाजारात नॅनोच्या नावाने खतं, बाटल्या, हातात घालायची कडी, काय काय विकायला येतं. लोक विचारत, "हे घातलं तर ऊस वाढंल का?" हवालदार उभ्या गर्दीत सांगत, "मला ठाऊक न्हाई." मला आधी ऐकायलाही लाज वाटायची. विज्ञानाची गाडी घेऊन आलेला माणूस ठाऊक नाही म्हणतो म्हणजे काय! पण तेच ऐकून लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसायचा. ज्याला हे ठाऊक नाही तो बाकीचं तरी खरं सांगत असणार, असा सरळ हिशेब.

शेवटचा प्रयोग पाण्याचा. गावातूनच अळूचं पान मागवायचं आणि त्यावर पाणी टाकायचं. थेंब टपोरे होऊन घरंगळून जात, पान कोरडं ते कोरडं. पानावर डोळ्याला न दिसणारी लव असते, तिचा मोठा केलेला फोटो मी त्यांना दिला होता. मग ते पेटीतून एक काच काढत. तिच्यावरूनही पाणी तसंच पळे. पोरी चित्कारत. हवालदार सांगत, "ही काचच तशी हाय. कंपनीतनंच तशी येती."

ती काच तशी नव्हती. साधी खिडकीची काच होती. तिच्यावर मी प्रयोगशाळेत केसाहून कितीतरी पातळ असा वाळूच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप चढवला होता. सगळी करामत त्या लेपाची. हवालदारांनी मला सुरुवातीलाच विचारलं होतं, "मॅडम, पानावर लव, मग काचंवर काय?" मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. "काचच वेगळी आहे हो हवालदार, स्पेशल आहे," म्हणून मोकळी झाले. हे यांना कशाला समजतंय, असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, तसंच होतं.

योजनेची मुदत संपत आली आणि तपासणीसाठी समिती येणार असं कळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोरेगावजवळच्या एका शाळेत. समिती खूश झाली तर गाडी पुढे चालणार आणि हवालदारही. ते चार दिवस आधीपासून गणवेश असल्यासारखी शर्टाला कडक इस्त्री करून येत होते. "हे काम गेलं तर म्हसवडला जाऊन करू काय?" असं एकदाच बोलले. पेन्शन होती, पोटाची काळजी नव्हती. त्यांना लोकांपुढे उभं राहायचं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना आपलं काम सापडलं होतं.

खंडेनवमीला त्यांनी आमच्या तिन्ही पेट्या उघडल्या. हत्याराची पूजा करायची तर हत्यार आधी लख्ख पाहिजे, हे घरातही शिकलेले आणि सैन्यातही. तांब्याच्या पट्ट्या चिंचेने घासल्या, सूक्ष्मदर्शक पुसला, त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. आणि ती काच, तिच्यावर जरा धुरकट दिसतंय म्हणून, राखेने दोन्ही बाजूंनी खसाखसा घासून आरशासारखी केली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते.

समितीपुढे तार सरळ झाली, पानावरून पाणी पळालं. साहेबलोक माना डोलवत होते. मग हवालदारांनी काच काढली, थेंब टाकला, आणि तो पसरला. दुसरा टाकला, तोही पसरला. काच भिजली, साध्या काचेसारखी. लेप गेला हे मला त्या क्षणी समजलं, त्यांना समजणं शक्यच नव्हतं. ते सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी. नवमीला राखंनं धुतली मी. बाकी कायबी केलं न्हाई." एक साहेब हसले. "अहो, राखेनं? तुम्हाला त्यावर लेप असतो हेही माहीत नाही?" हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती हो त्या बघण्यात, नुसता प्रश्न होता.

मी बोलले नाही. मला कायम करायचा प्रस्ताव त्याच साहेबांच्या टेबलावर पडून होता. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडलं नाही.

गाडी चालू राहिली. प्रयोग दाखवायला मात्र पदव्युत्तर उमेदवारच हवा, असा शेरा आला. हवालदारांनी सामानाची यादी करून सगळं एकेक मोजून माझ्या ताब्यात दिलं आणि सलाम ठोकला. मी त्यांना कोरेगावच्या स्टँडवर सोडायला गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, पण त्यांनीच आधी विचारलं. "मॅडम, आता तरी सांगा. काचंवर काय हुतं?"

मग मी सांगितलं. वाळूचे कण, लेप, तो किती पातळ, पाण्याचा थेंब कणांच्या टोकांवर कसा टेकतो आणि खाली हवा कशी अडकते. म्हसवडची एक गाडी लागली आणि गेली. ते मध्ये मध्ये विचारत होते आणि इतकं नेमकं विचारत होते की माझे विद्यार्थी कधी विचारत नाहीत. त्यांना सगळं समजलं. अर्धा तास लागला. हा अर्धा तास माझ्याकडे दोन वर्षांत नव्हता.

"म्हंजी काच तशी नव्हतीच," ते म्हणाले.

"नव्हती. हवालदार, माझं चुकलं. मी तेव्हाच…"

"तसं न्हवं वो मॅडम. मी चाळीस गावांत सांगितलं, काचच तशी हाय. न बघता सांगितलं." त्यांचा चेहरा उतरला होता. नोकरी गेली तेव्हाही असा उतरला नव्हता. दुसरी गाडी लागली आणि ते चढले.

पुढे मी कायम झाले. उन्हाळ्याच्या तोंडावर माण तालुक्यातल्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"मॅडम, तुमचे हवालदार काल येऊन गेले. एकटेच, एसटीनं. निम्म्या गावांत जाऊन झालंय म्हणाले. वर्गात उभं राहून मुलींना सांगितलं की मागच्या खेपेला मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, काच साधीच असते, वर लेप असतो. फळ्यावर छान आकृती काढून समजावलं. आम्हाला जरा नवलच वाटलं. इतक्या लांब एवढ्यासाठी कोण येतं?"

मी विचारलं, "चूक कुणाची झाली म्हणाले?"

"त्यांचीच म्हणाले की. मॅडमनी सगळं नीट सांगितलं हुतं, माझ्याच ध्येनात ऱ्हायलं न्हाई, असं म्हणाले."

मी उद्याच्या तासांवर काट मारली.

"बाई," मी म्हणाले, "उद्या मुली शाळेत असतील का? मला येऊन त्यांना एक सांगायचंय."