थाळी वाजवली की

सिंदीच्या एका शिक्षिकेची बदली झाली. नवा घरमालक मांजरं ठेवू देईना, म्हणून तिच्या दोन मांजरी माझ्याकडे आल्या, एक करडी अन् एक पांढरी. पिशवीतून सोडल्या तशा धान्याच्या कोठीमागं शिरल्या त्या शिरल्याच. बाई फोनवर म्हणाली होती, "काकू, तीन दिवसांत खाल्लं नाई तर डॉक्टरले दाखवा लागते. जीवावर बेतते."

आता मला कुठं चैन? माझी आधीची मांजर थाळी वाजवली की कुठूनही धावत यायची. म्हणून मी दूध-भाकर घातली अन् थाळी वाजवली. कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सुकट आणली. करडीच्या मिशा दिसल्या होत्या बरं का! वाजवली अन् गायब. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. आणखी जोरात वाजवली.

"मांजरी बोलावून राह्यली का वांदरं हाकलून राह्यली?" आमचे हे पेपरामागून बोलले.

"तुमी गप बसा. थाळीच्या आवाजावर तुमी तं बरोबर येता!"

तिसऱ्या दिवशी उठले तर दोन्ही वाट्या भरलेल्या. तोंड धुवायच्या आधी बाईला फोन लावला.

"थाळी?" ती ओरडलीच. "अवो काकू, आमच्या गच्चीवर वांदरं येत. मी थाळी बडवली की ह्या दोघी पलंगाखाली. एकदा वांदरानं पांढरीले उचललंच होतं!"

घ्या. मी जेवायला बोलावत होते, अन् त्या ऐकत होत्या की वांदरं आली.

थाळी वर ठेवली. सुकट जुन्या पेपरावर मांडली अन् कोठीकडे पाठ करून शेंगा सोलत बसले. न बोलता बसणं म्हणजे मला शिक्षाच. हे हसून राह्यले होते. बऱ्याच वेळानं मागं पेपर वाजला. ह्यांनी खुणावलं, करडी खात होती. मी मान वळवली नाही.

तेवढ्यात शेजारच्या छपराच्या टिनांवर धडधड झाली, वांदरंच. शेजारणीनं थाळी बडवायला घेतली. झालं, म्हटलं, गेली आता. पण करडी कोठीमागं गेली नाही. माझ्या पदराखाली घुसली. तिचं काळीज माझ्या मांडीवर धडधडत होतं. शेंगा तशाच राहिल्या.

आणि पांढरी? आवाज थांबला तरी तिचा पत्ता नव्हता. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही. मग तिरप्या नजरेनं पाहिलं, कोठीखालून एक पांढरा पंजा आला, त्यानं एक सुकट ओढून घेतली, अन् आतून चावण्याचा आवाज आला.

"अवो," मी ह्यांना हळूच म्हटलं, "पेपराचं पान उलटू नका."