आत्याचा दुसरा चहा

आमची आत्या चहा पिण्याआधी त्याच चहाच्या घोटाने कप विसळते. पाहुण्यांकडे आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, तिला काही नाही. प्रदूषण खात्यात ती पाण्याचे नमुने गोळा करते. जे पाणी तपासायचं त्यानेच आधी बाटली विसळायची, हा तिथला नियम तिच्या हाडीमाशी खिळलाय. घरी तळणीची कढईसुद्धा ती धुण्याआधी रद्दीने पुसते. तेलाचा थेंब मोरीत गेला तर तिला झोप लागत नाही, असं आतोबा म्हणतात.

बाबांचा सूत रंगवायचा कारखाना. कायद्याप्रमाणे रंगाचं पाणी शुद्ध करूनच नाल्यात सोडायचं. बाबा म्हणत, शुद्धीकरणाची टाकी बांधू की पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष बरीच वर्षं चाललं. शेवटी तपासणी आली. नमुना वाईट निघाला तर कारखान्याला टाळं, आणि नमुना घ्यायला आली आत्या! हा माझा सख्खा भाऊ, असं तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, मग तर तुम्हीच जा, बाकीच्यांना तो बोलण्यात गुंडाळेल.

बाबांनी युक्ती केली होती. आत रंगाचे हौद रिकामे होत होते, तो रंग पातळ व्हावा म्हणून त्यांनी गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोरीत सोडून दिलं होतं. नाल्यात पडणारी धार जेमतेम गुलाबी दिसत होती. आत्याने धारेकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, बाटली पिशवीत टाकली आणि स्टूल ओढून बसली. चहा टाक म्हणाली. कप विसळून चहा प्याली, आईच्या गुडघ्यांची सविस्तर चौकशी केली, मग म्हणाली, अजून अर्धा कप चालेल.

बाबांनी पातेलं नळाखाली धरलं. नळाने घसा खाकरला आणि गप्प बसला. गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. नाल्यात लालभडक धार लागली. आत्या उठली, बाटली विसळली, भरली, बाबांच्या डोळ्यांदेखत सील लावलं.

"ताई, भाऊ आहे मी तुझा," बाबा हळूच म्हणाले.

"म्हणून तर इतका वेळ बसले. हा नाला नदीत जातो, नदी माझ्या नळाला येते. तुझा लाल रंग मीच पिते रे."

कारखाना बंद झाला. बाबांनी अबोला धरला. आत्या मात्र दर सुट्टीला येऊन शुद्धीकरणाच्या टाकीचं बांधकाम बघायची. पाणी गाळायच्या वाळूचा थर पातळ दिसला म्हणून तिने एकदा सगळा उपसायला लावला. वैतागून गवंड्याने बाबांना विचारलं, "मालक, बहीण सासरी कधी जाणार?" बाबांना हसू फुटलं आणि अबोला तिथेच मोडला.

टाकी झाली. चाचणीपुरतं काम सुरू करायची परवानगी मिळाली आणि आत्या पुन्हा बाटली घेऊन आली. धार नितळ होती. तिची नजर सवयीने गच्चीकडे वळली, तसे बाबा स्वतःच वर गेले आणि टाकीचा कॉक करकचून बंद करून आले.

"आता घे."

धार होती तशीच नितळ राहिली. आत्याने बाटली विसळली, भरली, सील लावलं. नमुना पास होणार, हे निकाल यायच्या आधीच दोघांना ठाऊक होतं.

कॉक मात्र इतका आवळला गेला होता की दोघांनी जोर लावूनही तो उघडेना. चहा आत्याच्या घरी घ्यावा लागला. तिथे बाबांनी कप हातात घेतला, घोटभर चहाने नीट विसळला, आणि मगच तोंडाला लावला.