बॅटरीतलं तेजाब

माझे सासरे चोवीस तास ऑक्सिजनच्या मशीनवर होते, आणि आमच्या झरी गावात लाइट कधी जाईल हे देवालाही सांगता येत नाही. त्यामुळे त्यांचा श्वास आणि माझी झोप, दोन्ही इन्व्हर्टरच्या एका बॅटरीवर टांगलेली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तिची राखण आपसूक माझ्या गळ्यात पडली.

हिशेब सोपा आहे. बॅटरीच्या सहा घरांत पाणी मिसळलेलं आम्ल असतं. बॅटरी भरली की ते जड होतं, उतरली की पातळ. हायड्रोमीटरच्या काचनळीत ते ओढलं की आतला तरंगता काटा घनता दाखवतो. चार्जिंग बंद ठेवून बॅटरी निवांत झालेली असेल, तर त्या आकड्यात शून्य पॉइंट चौऱ्याऐंशी मिळवायचे. एका घराचा व्होल्टेज निघतो.

त्या सकाळी मी तसंच मोजलं. काटा म्हणाला एक पॉइंट सव्वीस, म्हणजे सहा घरांचे मिळून बारा पॉइंट सहा व्होल्ट. व्होल्टमीटर मात्र जेमतेम बारा दाखवत होतं. नवरा ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरून आणायला परभणीला निघून गेला होता. मीटर स्वस्तातलं आहे, अशी मी माझी समजूत घातली.

दुपारी लाइट गेली. थोड्याच वेळात इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागला. मीटर डोळ्यांदेखत उतरत होतं आणि काटा अजूनही बॅटरी भरलेली असल्याचं सांगत होता. मध्ये कुणी हात घातल्याशिवाय या दोघांचं असं फाटत नाही. मी सासऱ्यांना विचारलं, मामा, बॅटरीत काही टाकलंय का?

त्यांनी नाकातली नळी सावरली. "तेजाब," ते म्हणाले. "ट्रॅक्टरचं उरलेलं व्हतं. नुसत्या पाण्यानं बॅटरी ढिली पडायलीय म्हणलं."

ट्रॅक्टर उठेना की बॅटरीत तेजाब, म्हणजे तेच आम्ल, ओतायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. त्यानं घनता वाढते, वीज नाही. आजाऱ्याला दोन स्वेटर घातले म्हणून त्याच्या अंगावर मांस चढत नाही.

मी भिंतीवरून शेजारच्या चुलतदिरांना हाका मारल्या. त्यांनी पिकअप दारात आणली आणि इंजिन चालू ठेवून तिच्या बॅटरीच्या तारा आमच्या बॅटरीला जोडल्या. तेवढ्या वेळात मी फक्त मामांचे ओठ बघत होते. ते निळे पडत होते की मला तसं दिसत होतं, हे आजही सांगता येणार नाही. एवढी भ्यायलेली मी बाळंतपणातही नव्हते. मग इन्व्हर्टर गप्प झाला आणि मशीनचा आवाज सरळ झाला.

भीती उतरली तसा राग चढला. एका शब्दानं मला सांगता आलं नाही का, असं मी त्यांना विचारलंच.



"तू शाळेत व्हतीस तवा एकदा लाइट गेली," ते म्हणाले. "हे असंच वरडायलं. घरात कोणी न्हाई, हाक माराया दम न्हाई. लय भेव वाटलं, माय. पण तुला सांगितलं असतं तं तू नोकरी सोडली असतीस."

मी खरंच सोडली असती.