दोन व्हिस्क्यांचं भांडण आणि एकच शिडी

मंडळी, दोन दिवस आपल्या मँचेस्टरच्या ग्रुपवर त्या दोन व्हिस्क्यांवरून तट पडलेत. एकीची जाहिरात म्हणते, ‘शेजारची प्यायची असेल तर पाणी जास्त घाला.’ दुसरी म्हणते, ‘त्यांच्यात आधीच घातलेलं असतं.’

आज सकाळी ट्राम स्टॉपवर एक माणूस शिडीवर चढून व्हॅनमधलं पहिलीचं पोस्टर लावत होता. ते झाल्यावर त्याच व्हॅनमधून त्याने दुसरीचं काढलं. मी विचारलं, तर म्हणाला, “दोन्ही शेजारी शेजारीच लावायला सांगितलंय.”

ही नुरा कुस्ती तर नाही ना? दिवसभर डोक्यात तेच.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर दोन्ही बाटल्या. माझ्या नवऱ्याने गेल्या गणपतीत तुमच्या सगळ्यांसमोर दारू सोडली होती.

“पिणार नाहीये गं,” तो म्हणाला. “कोण खरं बोलतंय, तेवढंच बघायचंय. ग्रुपवर सगळे भांडतायत ना.”

म्हणजे हरलं कोण? खप तर दोघींचाही झाला.

मग ती पहिली जाहिरात ग्रुपवर आधी टाकली कोणी, हे शोधायला रागारागाने वर स्क्रोल केलं.

मीच टाकली होती. खाली लिहिलं होतं, ‘बघा, काय मस्त टोमणा मारलाय.’