एकोणऐंशी

बाबांची स्मरणशक्ती तपासणाऱ्या बाईंनी त्यांना शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. सगळी नोकरी हिंदीत करूनही बाबा आकडेमोड मराठीतच करतात. ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी,’ ते म्हणाले. बाईंनी तिसऱ्या उत्तरावर फुली मारली. त्यांना ‘इक्यासी’, म्हणजे एक्याऐंशी, ऐकू आलं होतं.

‘दीदी, उन्यासी बोले हैं,’ मी म्हणालो.

‘भैया, आप मत बताइए. हमने सुना है.’

तेव्हापासून त्या अहवालातल्या प्रत्येक गुणाबद्दल मला संशय आहे. मराठीतून तपासणारं जबलपुरात कोणी सापडलं नाही, म्हणून विजय नगरच्या घरी मीच बाबांना समोर बसवलं. एकही वजाबाकी चुकली नाही.

‘बघ, दोष भाषेचा आहे,’ मी बायकोला म्हणालो.

बाबा माझ्याकडे कौतुकाने बघून राहिले होते. ‘मराठी चांगली बोलता तुम्ही,’ ते म्हणाले. ‘नागपूरचे काय?’

बाईंच्या चाचणीवर माझा अजूनही विश्वास नाही. आता माझ्या चाचणीवरही नाही.