पेट्रोलच्या टाकीचा गंजलेला तळ

मी आणि बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे भरताची वांगी सोलणं. असोद्याच्या आमच्या अंगणात. ती म्हणाली, "त्या टाकीवाल्याचं लिहून ठेवा. नुसतं मलाच किती वेळा सांगाल?" दुसऱ्या दिवशी ती गेली. मी सातवी शिकलेला. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. जमेल तसं लिहितो. ती घटना अजून डोक्यातून जात नाही.

जळगावजवळच्या एका खासगी डेपोत पेट्रोलच्या टाकीचा तळ गंजला होता. टाकी रिकामी करून धुवायची, पत्रा ठोकून तपासायचा, झिजला तिथं नवा तुकडा वेल्डिंगनं बसवायचा, असं काम. आत भडका उडाला. वेल्डर जागीच गेला. त्याच्या जोडीदाराचे डोळे गेले. दोघं पिंपळनेरचे, एकाच गल्लीतले.

ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "वेल्डरनं आत बिडी पेटवली." मयताच्या डब्याच्या पिशवीत बिडीबंडल निघालं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

मग वेल्डरची बायको ठाण्यात आली. बाकावर बसायलाही तयार नव्हती.

"नाना, माझ्या माणसानं दुसऱ्याचे डोळे घेतले म्हणतात. दहाव्याला गल्लीतलं कोणी आलं नाही. तो बिडी ओढायचाच नाही हो."

असं सगळ्याच बायका सांगतात. तरी मी डेपोवर गेलो. फाटकासमोर एक अक्का चहा-बिडी विकायची. मी विचारायच्या आधीच ती बोलली.

"भाऊ, बठ्ठं खोटं शे, सगळं खोटं. मुकादमानं बंडल माझ्याकडून घेतलं, भडक्यानंतर. मुकादम तर तंबाखू खातो. मी म्हटलं, आज काय नवीन शौक?"

मी परत टाकीत उतरलो. छप्पर शाबूत होतं. तळाचा पत्रा मात्र खालून वर फुगून फाटलेला, तव्यावरच्या भाकरीसारखा. तपासणीला आलेल्या तज्ज्ञानं समजावलं. गंजलेल्या भोकांतून पेट्रोल खालच्या वाळूत मुरतं. वरून टाकी कितीही धुवा, वाफ खाली बसलेली असते. वेल्डिंगचा ताव लागला की पेटते. बिडीनं वरची वाफ पेटली असती तर छप्पर उडालं असतं.

मुकादमाला ठाण्यात बोलावलं. मी हात उगारला नाही. समोर चहा ठेवला.

"गॅस तपासायचा मीटर लावला होता?"

"हो साहेब."

"आणून दाखव."

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. म्हणाला, "बिघडला होता. पण कामाआधी आत पूजा केली. नारळ फोडला, अगरबत्त्या लावल्या. शेवटपर्यंत जळल्या, साहेब! काही झालं नाही. म्हटलं, टाकी साफ आहे."

"तळाखाली कोणी बघितलं?"

"तळाखाली कोण बघतं?"

"आणि बिडीबंडल?"

तो रडायला लागला. "मेलेल्याला काय फरक पडतो, साहेब?"

त्याचा जबाब नोंदवला, निष्काळजीपणाचा आणि खोटा पुरावा ठेवल्याचा गुन्हा दाखल केला.

मला पूजेचा राग नाही. आम्हीही दसऱ्याला बंदुकांना हळदकुंकू लावतो. पण म्हणून बंदूक भरलेली आहे का ते बघायचं सोडत नाही. या प्रकरणानं मला एक शिकवलं. मेलेल्याचा जबाब घेता येत नाही, म्हणून पहिलं बोट त्याच्याकडेच जातं. आणि त्यानं फरक पडतो. मागं राहिलेल्याला पडतो. आज माझ्या बायकोबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी त्याचं थोबाड फोडीन.

गुन्हा नोंदवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं धुळ्याला आणि तिथून पिंपळनेरला गेलो. वर्दी घालूनच. डोळे गेलेल्याच्या आईच्या दारात उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "वेल्डरची चूक नव्हती. टाकी तपासली नव्हती. बिडी मुकादमानं ठेवली."

म्हातारीनं ऐकून घेतलं. समोरच्या घराकडे बघितलं. वेल्डरची बायको उंबऱ्यात उभी होती.

"परत सांगा," म्हातारी म्हणाली, "तिकडच्या घरांना ऐकू नाही गेलं."

मी गल्लीच्या मधोमध गेलो आणि परत सांगितलं.