आबांच्या नाक्यावरून आलेली गाडी

धुळ्याला देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रामदास आबांची खुर्ची असायची. लाल प्लास्टिकची, एक हात मोडलेली. समोरून रिकाम्या हाताने कोणी गेलं तर आबा मान वर करत नसत. पण हातात पिशवी किंवा सायकलला काही लटकवलेलं दिसलं की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा. "थांब. माल काय शे?" अर्धा किलो वांगी असली तरी सांगावी लागत. सांगितलं की हात खाली येई. गल्लीत नवीन लग्न होऊन आलेल्या मुली पहिले आठ दिवस बिचकत, मग आपण होऊनच "आबा, साखर" असं म्हणून पुढे जात. माझी बायको शोभा शिंदखेड्याची, तोंडाची फटकळ. ती पहिल्याच दिवशी त्यांच्याच अहिराणीत म्हणाली होती, "मेथी शे आबा, आन् जकात मी देवाव नही." आबा इतके खूश झाले की त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी सूनबाई झाली.

आबा माझ्या वडिलांचे मित्र, आणि उभी नोकरी पारोळा रोडच्या जकात नाक्यावर काढलेले कारकून. आता जकात म्हणजे काय हेही सांगावं लागतं. बाहेरगावचा माल शहरात आणायचा तर वेशीवर कर भरावा लागे. रस्त्यावर आडवा बांबू, बांबूच्या दोरीपाशी हिंमत नावाचा शिपाई, आणि खिडकीत आबा. ट्रकवाल्याचा कागद आबा पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायचे. अगदी तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं ना, तेसुद्धा. मागे ट्रकची रांग लागे, शिव्या पडत, हॉर्न वाजत. आबांचं वाचन चालूच. वाचून झालं, सगळं बरोबर निघालं की खिडकीतून हुकूम यायचा, "बठ्ठं बराबर शे. हिंमत, सोड!" मग हिंमत दोरी सोडायचा आणि बांबू वर जायचा.

मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, की छापखान्याचं नाव कशाला वाचता? ते म्हणाले, "सुन्या, चोर कायम खालनी ओळमा बठेल ऱ्हास." नोकरी संपली तरी ही खोड गेली नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय ते औषध घेत नसत आणि वाचल्यावर तर मुळीच घेत नसत. एकदा गल्लीतल्या एका लग्नाची पत्रिका त्यांनी द्यायला आलेल्या माणसासमोरच वाचली आणि म्हणाले, "तारीख मंगळवारनी शे आन् वार सोमवार लिहेल शे. कोनता दिवस येवानं?" सातशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. मुलाचा बाप वर्षभर आबांशी बोलला नाही. पण दुसऱ्या मुलाच्या वेळी तोच गृहस्थ कच्ची पत्रिका घेऊन खुर्चीसमोर उभा होता.

जकात बंद झाली त्या दिवशी बाजारपेठेत फटाके फुटले. आबा तेव्हा निवृत्त झाले होते, तरी सायकल काढून नाक्यावर गेले आणि हिंमतबरोबर ओट्यावर बसून त्यांनी ते फटाके ऐकले. नाक्याची खोली पडली, तिथे हिंमतने चहाची टपरी टाकली. आबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण आपण जन्मभर जे काम मन लावून केलं ते संपल्याचा लोकांना एवढा आनंद व्हावा, हे त्यांना लागलं होतं. मला ते फार उशिरा कळलं.

मी नोकरीनिमित्त चौदा वर्षं युगांडात, कंपालाला होतो. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायचो. परत यायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे एक पांढरी जपानी गाडी होती. शहाण्या माणसाने ती तिथेच विकली असती. पण शोभा पंचेचाळिसाव्या वर्षी त्या गाडीवर चालवायला शिकली होती, आणि शिकताना तिने एक कुंपण, दोन कुंड्या आणि माझा स्वभाव बराच दुरुस्त केला होता. ती म्हणाली, "गाडी येणार नसेल तर मीही येत नाही. तुम्ही जा, आबांना नमस्कार सांगा." मी आबांना फोन लावला. मला वाटलं, म्हातारा समजूत घालील.

त्यांनी गाडीबद्दल सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला आणि तो वीस वर्षांनी तरुण झालेला होता. "गाडी वापरेल शे ना? परदेशनी? मंग जकात लागी!"

पुढचे तीन महिने आबांनी मला जगू दिलं नाही. भाच्याच्या मोबाइलवरून त्यांनी सगळे नियम काढून, छापून, वाचून घेतले. "स्टेरिंग कोनती बाजूले शे?" उजवीकडे. "मीटर किलोमीटरनं शे का मैलनं?" किलोमीटरचं. "गाडीनी उमर?" तीन वर्षांच्या वरची चालत नाही म्हणे, आमची दोन वर्षांची. गाडी माझ्याच नावावर होती याचा कागद, मी तिकडे खरोखर राहत होतो याचा कागद, तिकडच्या पोलिसांचा कागद, जहाजाचा कागद, विम्याचा कागद. एकदा त्यांनी मला मी मीच असल्याचा कागद मागितला. मी म्हणालो, आबा, पासपोर्ट आहे की. ते म्हणाले, "तो सरकारना. तुना सहीना कोठे शे?"

सगळ्यात कठीण होता तो कराचा आकडा. बंदरावरची कामं करून देणाऱ्या एजंटाने तो सांगितला तेव्हा मी खाली बसलो. गाडीच्या किमतीपेक्षा गाडीवरचा कर जास्त! मी आबांना फोन करून रडगाणं गायलो. सहानुभूतीऐवजी तिकडून एक तृप्त सुस्कारा ऐकू आला. "मी जिंदगीभर चिल्लर जकात दखी, सुन्या. असी जकात दखाले नशीब लागस." जणू काही तो आकडा त्यांच्या दर्शनासाठीच धुळ्याला येणार होता.

आम्ही विमानाने आलो, गाडी जहाजाने. गल्लीत पाय ठेवताच आबांनी हात वर केला, बॅगा मोजल्या, आणि मग शोभाला म्हणाले, "सूनबाई, तुनी गाडीमा पहिले मीच बसनार. पन एक शे. जवलगून बठ्ठा कागद व्हतस नही, तवलगून मी बसाव नही." सगळे कागद होईपर्यंत ते थांबणार होते, आणि तेव्हा ते ब्याऐंशीचे होते, धाप लागायची. शोभाने तिथेच ठरवलं की आबांना बसवल्याशिवाय गाडीत दुसरं कोणी बसायचं नाही. मलाही नाही.

बंदरावर गाडी उतरली आणि तिसऱ्या दिवशी एजंटाचा फोन आला. तपासणीत गाडी अडली होती. चेसिसचा नंबर वाचता येत नव्हता. नंबरावर कसला तरी लाल थर फासलेला आहे, नंबर बदलून लपवलाय असा संशय आहे, नंबर जुळला नाही तर गाडी परत पाठवावी लागेल. मी शोभाकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "दसरा."

झालं होतं असं. कंपालात दोन दसऱ्यांना शोभाने बॉनेट उघडून गाडीची यथासांग पूजा केली होती. आता देवाला शेंदूर कुठे लावायचा, तर जिथे त्याचं नाव कोरलेलं दिसलं तिथे. इंजिनामागच्या पत्र्यावर एवढे सुंदर आकडे कोरलेले पाहून तिने त्यावरच तेलातला शेंदूर चोपडला होता. इंजिनाच्या उष्णतेने तो असा वाळला होता, की गावच्या मारुतीनेही हेवा करावा.

मी कपाळाला हात लावला. आबांनी पिशवी भरायला घेतली. खोबरेल तेलाची बाटली, जुनं धोतर, मऊ पेन्सिल आणि पतंगाचा पातळ कागद. मी विचारलं, पतंग कशाला? ते म्हणाले, "नाकावर मोटारपंप येत ना. बिलवर येक नंबर, पंपवर दुसरा. कागद ठेव, पेन्सिल घस, नंबर आपला आपन बोलस."

बंदरावर माझ्याबरोबर एका माणसाचा पास निघत होता, तो मी आबांच्या नावाने काढला. तपासणीला एक तरुण बाई होत्या, निरीक्षक. त्यांनी धोतर-टोपीतल्या आबांना पाहून विचारलं, "आजोबा, आपण कोण?" आबा ताठ उभे राहिले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "मीही जकातच, साहेब. तुमचा नाका पाण्यावर, माझा पारोळा रोडवर."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागवली.

आबा बसले नाहीत. त्यांनी आधी शेंदराला हात जोडले, मग त्यावर तेल सोडलं आणि अर्धा तास नुसते थांबले. एजंट घाई करत होता. मग धोतराच्या फडक्याने त्यांनी हलक्या हाताने थर उतरवला, पतंगाचा कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागले. कागदावर एकेक आकडा उमटत गेला. बाई वाकून पाहत होत्या. आबा आकडे मोठ्याने म्हणत होते आणि बाई आपल्या कागदावर बोट फिरवत होत्या. सगळे जुळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काही वेळ शोभाच्या शेंदराचा रागही आठवला नाही.

इथे माणसाने आनंदाने घरी जावं. पण आबांनी एजंटाने भरलेला अर्ज हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. तळाकडे येता येता थांबले. "साहेब, इथे चूक आहे. गाडीच्या किमतीत जहाजाचं भाडं धरलंय, विमा धरायचा राहिलाय. कर कमी बसतोय."

एजंटाने त्यांच्या पायावर पाय दिला. आबा म्हणाले, "माझ्या पायावर तुमचा पाय आहे." मी आकाशाकडे पाहत होतो. बाईंनी अर्ज परत दिला, दुरुस्त करून आणायला सांगितला. कर वाढला आणि दोन दिवसही वाढले. परतीच्या बसमध्ये मी आबांशी पारोळ्याच्या पुढेपर्यंत बोललो नसतो, पण पारोळा धुळ्याच्या पलीकडे आणि बस धुळ्यालाच संपत होती, त्यामुळे धुळ्यापर्यंतच बोललो नाही. उतरताना ते म्हणाले, "चुकी ते चुकी, सुन्या. आपला फायदानी ऱ्हायनी म्हनीसन ती बरोबर व्हत नही." मी म्हणालो, "आबा, पण थोडी गप्प बसली असती ना चुकी." ते हसले. खूप दिवसांनी मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं.

गाडी धुळ्याला ट्रकवर चढून आली, कारण नंबर मिळेपर्यंत तिला रस्त्यावर धावायची परवानगी नव्हती. मग नोंदणी. तिचे कागद पाच महिने फिरत होते. गाडी दारात झाकून उभी आणि आबा खुर्चीत. मध्ये ते दोनदा दवाखान्यात जाऊन आले. शोभाचा जीव टांगणीला लागला. एके दिवशी ती मला म्हणाली, "आबांना न सांगता एक चक्कर मारून आणू या का? कोण बघतंय?" मी म्हणालो, तूच विचार. तिने विचारलं. आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती आत जाऊन गाडीचं कव्हर धुऊ लागली.

शेवटी नंबरपाटी लागली. शोभा गाडी चालवायला बसली, आबा शेजारी, मांडीवर फाइल. मी मागे. "कोठे जावानं, आबा?" शोभाने विचारलं. "नाकावर," ते म्हणाले.

हिंमतच्या टपरीपुढे त्यांनी गाडी थांबवायला लावली. धापा टाकत उतरले, गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. "थांबा. माल काय शे? कागद दखाडा." मी फाइल दिली. भर रस्त्यात आबांनी सगळे कागद मोठ्याने वाचले. युगांडाच्या पोलिसांपासून धुळ्याच्या पावतीपर्यंत. मागे रिक्षा, दुधाच्या गाड्या, केळीचा ट्रक, सगळे हॉर्न वाजवत होते. आबा तळाच्या छापखान्याच्या नावापर्यंत गेले. मग फाइल मिटली. "बठ्ठं बराबर शे. हिंमत, सोड!"

हिंमत हातातली चहाची गाळणी ठेवून बाहेर आला होता. त्याने मूठ उंच धरली, जणू तीत दोरी आहे, आणि उघडली. शोभा हुंदके देत पहिला गिअर टाकत होती आणि गाडी तीनदा बंद पडली.

त्यानंतर आबा चार महिने होते. गेले तेव्हा दुपार होती, खुर्ची गल्लीच्या तोंडाशीच होती.

स्मशानभूमीतल्या नोंदणीच्या खोलीत मी डॉक्टरांचा कागद दिला. तिथला कारकून भला माणूस होता. आमचे चेहरे बघून त्याने न वाचताच शिक्का उचलला. मी म्हणालो, "थांबा." माझा हातच वर गेला होता. मी तो कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागलो. नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता, कारण, सही, आणि तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव. कारकून शिक्का धरून ऐकत राहिला. काही चुकलेलं नव्हतं.

"बठ्ठं बराबर शे," मी म्हणालो. पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

माझ्या मागे हिंमत उभा होता. त्याने मूठ वर धरली, थोडा वेळ तशीच घट्ट धरून ठेवली.

"सोडलं, आबा," तो म्हणाला आणि त्याने मूठ उघडली.